निवडीच्या वेळी मी खोलीबाहेर होते

अर्णव आणि सई,

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात आणि दरवर्षी मी बागेतल्या कढीलिंबावर नाहीतर अनारशांवर दोन पानं लिहून सुटका करून घेते. या वर्षीचा लेख तुमच्यासाठी आहे. तुम्हाला मराठी ऐकून समजतं, वाचायला जड जातं, हे मला ठाऊक आहे. तुमची आई वाचून दाखवेल. एकही परिच्छेद गाळायचा नाही, असं मी तिला बजावलं आहे.

आताच का, ते सांगते. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर अर्णव फार तावातावानं बोलत होता. तुमच्या कॅनडातल्या आइस हॉकीत 'ड्राफ्ट' असतो, म्हणजे अठरा वर्षांच्या मुलांना टीम्स आळीपाळीनं निवडून घेतात, एवढं मला आता समजलं आहे. अर्णवच्या लाडक्या टीमनं असाच एक मुलगा घेतला आणि तो काही चमकला नाही. त्यावरून चाहत्यांच्या फोरमवर रोज हाणामारी चालते आणि अर्णवही त्यात लिहितो.

"आजी, ही इज अ बस्ट. टोटल बस्ट," तो म्हणाला. बस्ट म्हणजे फुकट गेलेली निवड.

मी विचारलं, "मुलाचं वय काय रे?"

"ट्वेंटी वन."

सई मागून म्हणाली, "आजी, यू डोन्ट गेट इट. त्यांनी फर्स्ट राउंड पिक वेस्ट केला."

मग अर्णवनं विचारलं, "तू पण सिलेक्टर होतीस ना? तुझं कधी चुकलं?"

मी म्हटलं, सांगेन. तेव्हा तुमचा नाश्ता निवत होता आणि मला उत्तर फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. इथे ते सांगते.

आमची हॉकी गवताची. आता गवत फक्त नावाला, खरं तर प्लास्टिकच्या टर्फवर पाणी मारून खेळतात. मी पुण्यात कॅम्पातल्या कॉन्व्हेंट शाळेत खेळायला शिकले, विद्यापीठाकडून खेळले, पुढे शाळेत गणित शिकवलं. तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे इथे वेलिंग्टनला आलो तेव्हा मला काम मिळालं ते हॉकी असोसिएशनच्या ऑफिसात. मुलांची नोंदणी, सामन्यांची वेळापत्रकं, कोणत्या पंचानं कुठे जायचं त्याची यादी, आणि खोके भरभरून सापडलेले एकेकटे मोजे. मी पूर्वी खेळलेली आहे हे कळल्यावर त्यांनी मला पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या टीमची सिलेक्टर केलं. ऑफिस पगारासाठी होतं. सिलेक्शनला पगार नव्हता, पण माझी नोकरी कोणती असं कोणी विचारलं तर मी मनातल्या मनात 'सिलेक्टर' असंच सांगत असे.

काम असं चालायचं. जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, तीन रविवार चाचण्या. साठ-सत्तर मुली, जागा सोळा. प्रत्येक मुलीला नंबर लिहिलेलं बिब, म्हणजे जर्सीवरून घालायचं बंडीसारखं. आम्ही तिघं सिलेक्टर वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहायचो आणि खेळ चालू असताना एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम होता. दक्षिणेचा बोचरा वारा सुटला की वहीची पानं धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे लागत. ते मी घरून न्यायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सिलेक्टर गोल मोजतो. गोल तर सगळेच मोजतात. चेंडू जिथे असतो तिथे सगळं मैदान बघत असतं. त्या वेळी मी बाकीच्या मुलींकडे बघायची. चेंडू हरवल्यावर पुढच्या पाच पावलांत मुलगी काय करते? हात कमरेवर ठेवते का? बदली होऊन बाहेर बसली की खेळ बघते की आईकडे बघते? आणि जन्मतारीख. एकाच वयोगटात एक मुलगी जानेवारीतली असते, दुसरी डिसेंबरातली. त्या वयात अकरा महिने म्हणजे एक वीत उंची. मोठी दिसणारी मुलगी हुशार वाटते, बारकी दिसणारी कच्ची वाटते. मी नोंदीच्या बाजूला पेन्सिलीनं जन्माचा महिना लिहायची. लिन माझी थट्टा करायची, "सू, तू त्यांची पत्रिका मांडतेस का?"

लिन ही दुसरी सिलेक्टर. तरुणपणी स्वतः मोठी खेळलेली, आवाज घोगरा, दोन्ही गुडघे गेलेले. माझं सुमती हे नाव तिला पहिल्या दिवशी जमलं नाही आणि त्यानंतर तिनं प्रयत्न केला नाही. तिसरा क्रेग, एका क्लबाचा कोच. भला माणूस, पण घाईचा.

आणि होते आमचे चाहते. तुमच्या फोरमसारखं आमच्याकडे एक लाकडी बाक होतं. त्यावर ग्रॅहम आणि बेव्ह बसत. ग्रॅहम निवृत्त पोस्टमन. बेव्हच्या नाती कधीच्या खेळून मोठ्या होऊन गेल्या होत्या, तरी ती यायची. कोणाचंच मूल मैदानात नसताना ही दोघं प्रत्येक चाचणीला थर्मास घेऊन हजर असत आणि दरवर्षी तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडत. ग्रॅहमचं म्हणणं, टीम या वर्षी जिंकायला हवी, तयार मुली घ्या. बेव्हचं म्हणणं, चौदाव्या वर्षी कोण तयार असतं?

"ती बारकी घेऊन काय करायचं? वारा आला तर उडेल," ग्रॅहम म्हणायचा.

"तुला तरी कुठे कळतंय? गेल्या साली तू म्हणालास ती उंच पोर देशाकडून खेळणार. कुठाय ती?"

"तिला बॉयफ्रेंड मिळाला. त्यात माझा काय दोष?"

"दोन हिवाळे दे एकेका पोरीला, ग्रॅहम. दोनच."

"दोन हिवाळ्यांत मी मरेन."

"मग गप्प बसून चहा पी."

मला ही दोघं आवडायची. निवड चुकली की ती तोंडावर सांगत आणि बरोबर आली तरी कधी कबूल करत नसत. पालकांपेक्षा ती परवडली. पालकांत एक बाप असा होता की तो मुलीच्या स्टिकला चेंडू लागला की क्लिकर दाबायचा आणि नंतर मला आकडा दाखवायचा. एका आईनं दोन डझन मफिन 'सिलेक्टर्ससाठी' पाठवले. मी ते ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे पावती लिहून परत केले. क्रेगनं मला महिनाभर माफ केलं नाही.

माझी शिस्त सगळ्यांना ठाऊक होती आणि मला तिचा अभिमान होता. आता मुद्द्यावर येते.

मी सिलेक्टर झाले त्या पहिल्या वर्षी ग्रॅहम हसत हसत म्हणाला होता, "आता काय, सू, सगळं इंडिया टीममध्ये!" त्यात विष नव्हतं. ग्रॅहम सगळ्यांनाच असं काहीतरी बोलायचा. मीही हसले. पण ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि फार वर्षं सांभाळलं. आपल्या माणसांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणता कामा नये, हे मी त्या दिवशी ठरवलं.

आता निवडीची बैठक कशी होते ते सांगते. क्लबरूमच्या वरच्या मजल्यावर एक लांब टेबल. प्रत्येक मुलीच्या नंबराचं एक कार्ड. कार्डांचे तीन ढीग: घ्यायची, नाही घ्यायची, आणि बोलू या. खरी निवड तिसऱ्या ढिगातच होते. एखादी मुलगी सिलेक्टरच्या ओळखीची असेल तर ते सांगावं लागे. मी सांगायची, "ओळखीची आहे," आणि उठून खोलीबाहेर जायची. बाहेरच्या बोळात एक हीटर होता आणि भिंतीवर जुन्या कॅप्टनांच्या नावांचे फळे. ते मला पाठ झाले होते. आतून हाक आली की परत जाऊन बसायचं. आपण नव्हतो तेव्हा काय ठरलं ते विचारायचं नाही.

इथलं जॉन्सनव्हिल उपनगर आणि आसपासचं आपलं मराठी जग तुम्हाला ठाऊक आहे. गणपती, रविवारची मराठी शाळा, कोणाकडे तरी हळदीकुंकू. भारतीय मुलगी चाचणीला आली आणि ती माझ्या ओळखीची नाही, असं क्वचितच होई. त्यामुळे प्रत्येक वेळी मी उठायची.

त्या वर्षी ईशा चाचणीला आली. हे तिचं खरं नाव नाही. मी हे लिहू का म्हणून तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा, काकू. फक्त नाव बदला." तिचे वडील मंदार पुण्याचे, आयटीतले. आई स्वाती इथे फार्मसीत काम करायची. ईशा चौदा वर्षांची, डिसेंबरातली, अंगानं काडी. मैदानाच्या मध्यावर खेळायची, सेंटर हाफ. तिचा नंबर होता एक्केचाळीस.

पहिल्या रविवारी मला ती दिसलीच नाही. दुसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की समोरच्या टीमची सगळ्यात चांगली मुलगी पुन्हा पुन्हा पास द्यायला मान वर करते आणि मग चेंडू मागे नाहीतर बाजूला देते. हे का होतंय म्हणून मी बघितलं. ज्या वाटेनं पास जायचा तिथे प्रत्येक वेळी एक्केचाळीस नंबर आधीच येऊन उभी असायची. धावत नव्हती, अंगावर जात नव्हती. चेंडू तिच्याकडे येतच नव्हता, कारण तो तिकडे टाकण्यात अर्थ उरला नव्हता. अशी मुलगी मी त्या आधी दोनदाच बघितली होती आणि त्या दोघी वयानं पुष्कळ मोठ्या होत्या. तिसऱ्या रविवारी मी सबंध अर्धा खेळ फक्त तिला बघितलं. वहीत लिहिलं: '४१. चेंडू पोचायच्या आधी तिथे असते. शिकवून येत नाही.'

बैठकीत एक्केचाळीसचं कार्ड तिसऱ्या ढिगात पडलं. क्रेगनं ते उचललं. मी म्हटलं, "ओळखीची आहे," आणि बाहेर गेले. बोळात उभी राहिले. चारेक मिनिटांत लिननं हाक मारली. मी येऊन बसले तेव्हा ते कार्ड 'नाही'च्या ढिगावर सगळ्यात वर होतं.

मला दिसलं. क्रेग म्हणाला, "पुढची," आणि आम्ही पुढची घेतली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी गाडी चालवत घरी येताना मला वाईट वाटलं, पण त्याबरोबर एक समाधानही वाटलं. मला ती हवी होती आणि तरी मी तोंड उघडलं नाही. याला निःपक्षपातीपणा म्हणतात, असं मी स्वतःला सांगितलं.

यादी सोमवारी पाच वाजता वेबसाइटवर लागली. शनिवारी मी टर्फवर गेले तर बाकावर तेच चाललं होतं.

"एक्केचाळीस कुठाय?" बेव्हनं मला बघताच विचारलं. "तीन रविवार त्या पोरीनं समोरच्यांना मधून एक पास टाकू दिला नाही. तुम्ही तिघं बघत काय होता?"

ग्रॅहम म्हणाला, "तिनं केलं काय ते सांग ना! चेंडू तरी लागला का तिच्या स्टिकला?"

"तेच तर सांगतेय, अडाण्या. लागला नाही, कारण त्यांनी दिला नाही."

"असली हॉकी रेडिओवर ऐकायला बरी."

"सू," बेव्ह माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला तरी दिसली असेल."

मी म्हटलं, "निवडीबद्दल बोलता येत नाही, बेव्ह."

बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला जे दिसलं होतं ते खोलीत कोणी बोललं नव्हतं. जिला दिसलं होतं ती बोळात फळे वाचत उभी होती.

दोन-तीन दिवसांनी दुपारी मंदार ऑफिसच्या काउंटरवर आला. जेवणाच्या सुट्टीत आला होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. मला वाटलं, आता हा गळ घालणार. मी मनात उत्तर तयार ठेवलं.

"सुमतीकाकू, तिला घ्या असं म्हणायला मी आलो नाही," तो म्हणाला. "ईमेल आलंय, त्यात लिहिलंय 'नॉट इनफ इम्पॅक्ट'. ती विचारते, म्हणजे काय करायचं? मला हॉकीतलं काही कळत नाही. तुम्ही होतात म्हणून विचारतो. कशात कमी पडली?"

"मी खोलीत नव्हते, मंदार. तिचं नाव निघालं तेव्हा मी बाहेर गेले होते."

"का?"

"तुम्हाला ओळखते म्हणून. नियम आहे तसा."

"ते क्रेग कोच आहेत ना? त्यांच्या क्लबातल्या पाच मुली टीममध्ये आहेत. त्यांना ते ओळखत नाहीत?"

मी काउंटरवरचे फॉर्म नीट लावायला लागले.

"ते बाहेर गेले होते का, काकू?"

"नाही."

"मग तुम्ही आम्हाला ओळखत नसतात तर बरं झालं असतं," मंदार म्हणाला. आवाज चढवून नाही. काउंटरवर ठेवलेली गाडीची किल्ली उचलली, "येतो," म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर मी नियमांची पुस्तिका काढली. ती पुस्तिका मीच टाइप केलेली होती. त्यात दोन वेगळी वाक्यं होती. सिलेक्टरचं रक्ताचं नातं असेल तर त्यानं खोली सोडावी. ओळख असेल तर तसं सांगावं. दुसऱ्या वाक्यात खोली सोडण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ही दोन वाक्यं मी डोक्यात केव्हा एक करून टाकली, मला सांगता येत नाही. म्हणजे येतं. ग्रॅहम हसला त्या दिवशी.

मी लिनकडे गेले. ती टर्फच्या कडेला शंकू गोळा करत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी उगीचच बाहेर जात होते. तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

लिननं हातातले शंकू खाली ठेवले. मग म्हणाली, "सू, आम्हाला वाटायचं तुला त्या मुली पसंत नाहीत."

"काय?"

"तू इतक्या झटकन उठायचीस. मी आणि क्रेग म्हणायचो, तिच्या ओळखीतली मुलगी आहे, चांगली असती तर तिनं जाता जाता एक शब्द टाकला असता. नाही म्हणायचा तुझा सभ्य मार्ग असेल."

"दर वेळी?"

"दर वेळी," लिन म्हणाली. "आय'म सॉरी, सू. आम्ही तुझं ऐकतच होतो. तू जे बोलत नव्हतीस ते."

अर्णव, मी गणिताची बाई. त्या संध्याकाळी मी जुन्या वह्या काढून बसले आणि ज्यांच्या कार्डावर मी उठले होते त्या मुलींची नावं एका कागदावर लिहिली. ईशाच्या आधीच्या सहा मुलींची नावं मला सापडली. त्यांतल्या दोघी अगदीच सामान्य खेळायच्या, त्या कशाही निवडल्या गेल्या नसत्या. बाकीच्या चौघींबद्दल मला आजही सांगता येत नाही. मी चांगलं लिहिलेलं होतं. ते माझ्या वहीतच राहिलं.

यादी बदलता येईल का, हे मी लिनला आणि क्रेगला विचारलं. क्रेग म्हणाला, "सोळा घरांत मुलींना सांगून झालंय. कोणाला काढू, तू सांग." ते बरोबर होतं. मी कोणाचं नाव घेणार? राखीव म्हणून तिला सरावाला बोलवावं, एवढं त्यांनी मान्य केलं. हे सांगायला मी स्वतः जॉन्सनव्हिलच्या तिच्या घरी गेले. स्वातीनं दार उघडलं, "या काकू," म्हणाली, चहा टाकला आणि आत निघून गेली. ती एरवी कधी मला एकटी सोडून आत जात नसे.

ईशा समोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. मी तिला जे घडलं ते घडलं तसं सांगितलं, वहीतल्या ओळीसकट. ती मराठीत ऐकत होती, इंग्लिशमध्ये बोलत होती, तुमच्यासारखीच.

"सो यू थॉट आय वॉज गुड?"

"हो. फार."

"लाइक, हाऊ गुड?"

"त्या साठ जणींत खेळ समजण्यात तू पहिली होतीस."

तिनं पाय खाली घेतले. "देन व्हाय डिड यू नॉट से?"

मी तिला नियमाचं, ओळखीचं, लोक काय म्हणतील त्याचं सांगायला लागले. ती ऐकून घेत होती. चौदा वर्षांच्या मुलीसमोर ते सगळं मांडताना मलाच ऐकू येत होतं की यात एकही कारण तिच्याबद्दलचं नाही. सगळी माझ्याबद्दलची होती.

"इट्स ओके, काकू," ती शेवटी म्हणाली. "मला आता हीप्स ऑफ होमवर्क आहे. आय डोन्ट थिंक आय वॉन्ट टू."

"राखीव म्हणून ये. पुढच्या वर्षी मी—"

"नो, थँक यू."

मी उठले. मंदारनं मला गाडीपर्यंत सोडलं, पाऊस होता म्हणून डोक्यावर छत्री धरली.

पुढच्या वर्षी नोंदणी सुरू झाली. नोंदणीचं काम माझंच. रोज सकाळी आलेली नावं मी यादीत चढवायची. शेवटच्या दिवशी पाचला नोंदणी बंद करायची होती, ती मी साडेपाचला केली. आयुष्यात एवढा एकच नियम मी मोडला. तिचं नाव आलं नाही. तिनं पुन्हा हॉकी खेळली नाही.

आज ती ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन उपनगरात चांगल्या नोकरीत आहे. गणपतीला आई-वडिलांकडे आली की मंडळात भेटते. "किया ओरा, काकू!" असा इथला माओरी नमस्कार करते, गुडघेदुखीची चौकशी करते. हॉकीचा विषय तिनं कधी काढला नाही, मीही नाही. लेखाची परवानगी मागायला फोन केला तेव्हाच काय ते बोलणं झालं. परवानगी देऊन ती पुढे एवढंच म्हणाली, "बरं झालं लिहिताय." त्यातून मी आणखी काही अर्थ काढायचा नाही असं ठरवलं आहे.

अर्णव, तू विचारलंस, चुकलीस का. मी खूप निवडी चुकले. उंच मुली घेतल्या आणि त्या पुढच्या वर्षी थांबल्या. घाबरट मुली घेतल्या, त्या घाबरटच राहिल्या. ग्रॅहमनं प्रत्येक चूक मला मैदानभर ओरडून सांगितली आणि ते त्याचं कामच होतं. चाहत्यांनी भांडावं. भांडणारा माणूस निदान बघत तरी असतो. पण त्या चुकांत मुलीला संधी मिळाली होती. तुमच्या फोरमवर ज्याला तुम्ही बस्ट म्हणता, त्याचं नाव कोणीतरी घेतलं होतं. ज्याचं नाव खोलीत घेतलंच गेलं नाही, त्याच्यावर फोरमवर भांडण होत नाही, कारण तो असतो हेच कोणाला ठाऊक नसतं. सिलेक्टरच्या खऱ्या चुका तिथे असतात आणि त्या फक्त सिलेक्टरलाच दिसतात. मलाही माझ्या चुका मंदारनं दाखवल्या तेव्हाच दिसल्या.

त्या हिवाळ्यानंतर मी समितीला पत्र लिहिलं. घडलं ते लिहिलं, सात नावं लिहिली, आणि नियम बदला अशी विनंती केली. सभेत क्रेगनं कुरकुर केली. त्याचं म्हणणं, याप्रमाणे त्यालाही प्रत्येक बैठकीत हात वर करून सांगत बसावं लागेल. लिन म्हणाली, "हो, क्रेग. तसंच." बेव्ह सभासद म्हणून मागे बसली होती, तिनं एकटीनं टाळ्या वाजवल्या. सिलेक्टरपदाचा राजीनामा मी त्याच सभेत दिला. ऑफिसचं काम निवृत्तीपर्यंत केलं.

ग्रॅहम गेला. बेव्ह आता वृद्धाश्रमात आहे आणि मला ओळखत नाही. लिन अजून टर्फवर जाते. ते बाक दुरुस्तीत काढलं, परत लावलं नाही. ईशाची हॉकी गेली, ती मला परत आणता आली नाही.

नियम राहिला आहे. मुलगी ओळखीची असेल, मग ती शेजारची असो वा क्लबातली, तर सिलेक्टरनं तसं सांगायचं, आणि मैदानावर काय बघितलं ते सगळ्यांत आधी बोलायचं. नातं असेल तर त्यानंतर खोली सोडायची. बोलल्याशिवाय कोणी उठायचं नाही. यंदाच्या जूनमध्ये एक नव्या सिलेक्टर बाई आपल्या भाचीबद्दल दोन मिनिटं बोलल्या आणि मग बाहेर गेल्या, असं लिननं मला फोनवर सांगितलं. भाची निवडली गेली की नाही, ते मी विचारलं नाही. नियम पाळला जातो आहे, एवढं मला ठाऊक आहे.

तुमची,
आजी